तांबाकाटा ते भाईंदर

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून महात्मा फुले मंडई ओलांडून शेख मेमन रस्त्याला लागले, की जामा मशीद मागे पडते आणि झवेरी बाजार सुरू होतो. सोन्याचांदीची झगमग संपते न संपते तोच मुंबादेवीच्या परिसरात वेगळ्याच धातूचा खणखणाट कानांवर येऊ लागतो. या भागाला तांबाकाटा म्हणतात. नावातच तांबे आहे आणि काटाही आहे. तेथून पुढे पायधुनी, गोडीजी पार्श्वनाथांचे मंदिर, गुलालवाडी, कीका स्ट्रीट, सी. पी. टँक आणि खेतवाडी. या गल्ल्यांतून हातगाड्या, डोक्यावर ओझे घेतलेले हमाल आणि हिशेबाच्या वह्या काखेत धरलेले दिवाणजी यांच्या गर्दीतून वाट काढताना माणसाला एक गोष्ट लवकरच लक्षात येते. नाव तांब्याचे उरले आहे. माल मात्र बहुतांशी स्टेनलेस स्टीलचा आहे. पेढ्यांवरच्या पाट्या वाचल्या तर जालोर, सिरोही, पाली या भागांतून कधीकाळी आलेल्या घराण्यांची आडनावे जागोजाग भेटतात.

एकेकाळी भांड्यांच्या व्यापारात तांब्यापितळेचेच राज्य होते. घागर, हंडा, तपेले, परात ही सारी भांडी वजनावर विकली जात आणि जुनी, फुटकी भांडी मोड म्हणून वजनावरच परत घेतली जात. त्या व्यवहारात एक मोठी सोय होती. तांब्याचा रंग तांब्याचा आणि पितळेचा पितळेचा. कल्हई उडाली की गृहिणीला ती दिसे आणि दाराशी कल्हईवाला आला की पुन्हा करून घेता येई. भांड्याचा दोष डोळ्यांपुढे असे. स्टेनलेस स्टीलने कल्हईची कटकट संपवली, ताक-चिंच-कोकमाची भीती घालवली, घासणाऱ्या हातांचे कष्ट कमी केले. मात्र त्याबरोबर डोळ्यांची साक्षही गेली. दोन पातेली शेजारी शेजारी ठेवावीत, दोन्ही आरशासारखी लखलखीत असावीत, दोन्हींचे वजन जवळपास सारखे भरावे आणि तरी आतला धातू अगदी निराळा असावा, हे या नव्या धातूने शक्य केले.

शिरोळ तालुक्यातील एका गावी भांड्यांचे दुकान चालविणारे एक सत्तरीचे गृहस्थ या गल्ल्यांत आले, ते नेमके अशाच एका पातेल्यामुळे. गावात आणि घरात सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. दुकान त्यांच्या वडिलांनी घातलेले. गल्ल्याशेजारी दोऱ्याला बांधलेले एक चुंबक टांगलेले असे आणि गिऱ्हाईक आले की अण्णा ते भांड्याला लावून दाखवीत. चुंबक चिकटले नाही की म्हणत, "बघा, अस्सल तीनशे चार." वडिलांकडून शिकलेली ही परीक्षा त्यांनी आयुष्यभर मनोभावे केली होती आणि तिच्याविषयी त्यांच्या मनात कधी शंका आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गावच्या शाळेत शिकविणाऱ्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी त्यांच्याकडून भांडी घेतली होती. मुलीच्या सासरी बोअरचे खारट पाणी. शिरोळ भागात पाण्यामुळे खारवटलेल्या जमिनी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. तेथे हे नवल नव्हे. सासूबाई उकळलेलेच पाणी पिणाऱ्या. रोज पाणी उकळून या पातेल्यात निवत ठेवले जाई. वर्ष उलटले आणि तळाशी बारीक तपकिरी ठिपके दिसू लागले. घासले की जात आणि आठवड्याने त्याच जागी परत येत. पुढे बोटाला खड्डे जाणवू लागले. बाईंनी ते पातेले दुकानात आणून गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "अण्णा, आमच्या वडिलांच्या वेळेपासून आम्ही तुमच्याकडूनच भांडी घेतो. पण मुलीच्या सासूबाईंनी चारचौघींत विचारलं, हेच का तुमच्याकडचं अस्सल स्टील? तिला मान खाली घालावी लागली." बाईंच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच ते शब्द अण्णांना अधिक लागले.

अण्णांनी चुंबक लावून पाहिले. ते चिकटले नाही.

घरात हा विषय निघाला तेव्हा सूनबाईंनी तो उचलून धरला. त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर. माहेर भाईंदरचे, आणि त्यांचे बंधू तेथेच भांड्यांच्या एका कारखान्यात कामाला. "अण्णा, नुसतं पातेलं बदलून देऊन भागणार नाही. मुंबईला जाऊन हे काय आहे ते एकदा बघून येऊ," असे त्या म्हणाल्या. मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली. रात्री डब्यात दिवे मालवण्यापूर्वी त्यांनी अण्णांकडे एक रुपयाचे नाणे मागितले आणि पिशवीतून ते दुकानचे चुंबक काढून त्याला लावले. नाणे टपकन चिकटले. अण्णा चकित झाले. सरकारी टांकसाळीचे नाणे, लाखो हातांतून, घामातून, पावसातून फिरणारे, आणि गंजाचा ठिपका नाही. तेही स्टेनलेस स्टीलच आहे. १९९२ पासून रुपयाचे नाणे ज्या पोलादाचे पाडले जाते त्यात क्रोमियम असते, निकेल नसते, आणि ते चुंबकाला चिकटते. चिकटणारे स्टील वाईट असते, ही समजूत त्या एका नाण्याने मोडली. न चिकटणारे चांगले असते, ही समजूत मोडायला मात्र गुलालवाडी गाठावी लागली.

येथे थोडे थांबून या धातूची घडण समजून घेतलेली बरी. ती समजल्याशिवाय पुढच्या गल्ल्या नीट दिसत नाहीत. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले, की हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा तयार होतो. तो इतका पातळ, की डोळ्यांना कधीच दिसत नाही. पण ओरखडा उठला तर हवेच्या सान्निध्यात आपोआप पुन्हा जमतो. गंजापासून रक्षण तो करतो. इंग्लंडमधील शेफिल्ड गावी हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधताना असे क्रोमियमचे पोलाद ओतले आणि ते गंजत नाही हे पाहून त्याचा उपयोग सुऱ्या-चमच्यांसाठी सुचविला, हा इतिहास प्रसिद्ध आहे. जर्मनीत त्याच सुमारास क्रोमियमबरोबर निकेल मिसळण्याचे प्रयोग झाले. निकेलने पोलादाला लवचिकपणा आला, ते खोल ओढता येऊ लागले, आणि त्याच्या अंतर्गत रचनेमुळे चुंबकाचे त्याच्यावर चालेनासे झाले.

आज ज्याला ३०४ म्हणतात त्यात अदमासे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. चमच्याच्या मागे १८/८ किंवा १८/१० असे कोरलेले दिसते, ते याच दोन धातूंचे प्रमाण. ३१६ मध्ये निकेल त्याहून थोडे अधिक आणि शिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम. त्यामुळे मीठ आणि खारे पाणी यांना ते अधिक दाद देत नाही. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नाहीच, क्रोमियम सोळा ते अठरा टक्के. ते चुंबकाला चिकटते आणि म्हणूनच इंडक्शनच्या शेगडीवर चालते. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना तर हेच सोयीचे. आणि मग दोनशेची मालिका. निकेल महाग आणि भारताला ते बाहेरून आणावे लागते. मँगनीज मात्र आपल्याकडे नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात भरपूर. निकेलचे बरेचसे काम मँगनीज करू शकते. म्हणून २०२ मध्ये निकेल चार ते सहा टक्क्यांवर आणून मँगनीज साडेसात ते दहा टक्क्यांपर्यंत वाढविलेले असते. तेही चुंबकाला चिकटत नाही. त्याच्याही खाली, निकेल जेमतेम एक टक्का असलेली आणि क्रोमियमही आखडते घेतलेली पोलादे बाजारात आहेत. तीही चिकटत नाहीत. गंमत अशी, की खरे ३०४ खोल ओढले गेले, तर काठाशी आणि तळाच्या वळणावर त्याची रचना थोडी बदलते आणि तेथे चुंबक किंचित ओढ घेते. म्हणजे दोऱ्याला बांधलेले ते चुंबक कधी चोराला सोडून देते आणि कधी सावावर संशय घेते.

गुलालवाडीतील ज्या पेढीवरून अण्णांचा माल येई, तेथे वीस वर्षांचा व्यवहार. पेढीवर गादी-तक्क्याची जुनी बैठक, मागच्या भिंतीला चकत्यांच्या चळती. गोल कापलेल्या या पत्र्यांना बाजारात सर्कल म्हणतात. पातेले असो, डबा असो की ताट, त्याचा जन्म सर्कलमधूनच होतो. शेठजींनी पातेले हातात घेतले, उलटे केले, काठावरून अंगठा फिरवला आणि क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णा, माल माझाच आहे. पण तीनशे चार म्हणून मी दिला नव्हता. तुम्ही भाव सांगितला, मी त्या भावात बसणारा माल दिला."

बिले काढली गेली. सर्व बिलांवर एकच मजकूर: एस. एस. भांडी, इतके किलो. शेजारी जीएसटीसाठीचा ७३२३ हा एचएसएन क्रमांक. हा क्रमांक ३०४ च्या भांड्याला जो, तोच २०२ च्या भांड्याला. कागद कायदेशीर, रक्कम बरोबर, वजन चोख, आणि ज्या एका गोष्टीवर सगळे अवलंबून तिचा उल्लेखच नाही. कर्ज देताना कागदात तारणाचे वर्णन न करता केवळ त्याचे वजन लिहून ठेवावे, त्यातला हा प्रकार. अण्णांनी फोनवर "नॉन-मॅग्नेट माल पाठवा" एवढेच सांगितलेले होते. बाजारात त्या शब्दाचा अर्थ "चुंबकाला न चिकटणारा" एवढाच आहे. ३०४ हा अर्थ अण्णांनी आपल्या गल्ल्यावर बसून लावला होता.

येथे दोष कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शेठजींनी खोटे लिहिले नव्हते. ग्रेड विचारला असता तर सांगितला असता, असे ते म्हणाले आणि ते खरेही असावे. परंतु वीस वर्षांत एकदाही आपण होऊन सांगितला नव्हता, हेही खरेच. आणि अण्णा? त्यांनी दरवेळी किलोमागे पाच-दहा रुपये तोडून घेण्यासाठी घासाघीस केली आणि त्या भावात ३०४ येणेच शक्य नाही हे ध्यानात घेतले नाही. शेठजींच्या तोंडून एक वाक्य निघून गेले: "भाव ऐकून भंगारवाल्यालाही कळलं असतं." ते त्यांनी सहज म्हटले, पण अण्णा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

अचौर्याच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार हा एक सांगितलेला आहे: चांगल्याच्या जागी तसाच दिसणारा हलका माल देणे. बहुतेक व्यापारी घरांत हा शब्द लहानपणी पाठशाळेत कानांवरून गेलेला असतो. अण्णांच्याही गेला होता. न कळत झाले असले तर ते त्यात मोडते का, याचा विचार ते पुढल्या चढावाने खेतवाडीकडे जाताना करीत असावेत. कारण त्या वाटेवर ते सूनबाईंशी एक शब्दही बोलले नाहीत.

या गल्ल्यांत धातूंची परीक्षा करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तेथे पिस्तुलासारखे दिसणारे एक यंत्र असते. ते भांड्याला टेकवून घोडा दाबला, की आतून क्ष-किरण निघतात आणि काही सेकंदांत पडद्यावर धातूंची नावे आणि टक्केवारी उमटते. कार्बनचे प्रमाण हे यंत्र सांगू शकत नाही. पण क्रोमियम, निकेल, मँगनीज यांसाठी ते पुरेसे आहे. पातेल्याचे आकडे आले. निकेल एकच्या जरा वर. मँगनीज नऊच्या पुढे. क्रोमियम पंधराच्याही आत. म्हणजे ३०४ सोडाच, ते पुस्तकातील २०२ देखील नव्हते. यंत्र चालविणाऱ्या तरुणाने पिशवीतील दुसरी वस्तूही तपासून दिली. सूनबाईंनी घरून आणलेला तो एक जुना तांब्या होता, अण्णांच्या आईंच्या वेळचा. निकेल आठच्या वर, क्रोमियम अठरा. वडिलांच्या काळी चुंबकाची परीक्षा खरी का ठरत असे, याचा उलगडा तेथे झाला. त्या तांब्याच्या काळी त्यांच्या दुकानात येणारे न चिकटणारे स्टील निकेलचेच होते. मँगनीजचे स्टील पुढे घरोघरी पोचले, परीक्षा मात्र तीच राहिली.

निकेलच्या भावाचा हा सारा खेळ आहे. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातूबाजारात निकेलचा भाव एका दिवसात टनामागे एक लाख डॉलरच्या वर उसळला आणि तेथील व्यवहार थांबवावे लागले. अशा वस्तूवर ज्या पातेल्याचा आठ टक्के देह अवलंबून, ते स्वस्त कसे मिळावे? स्वस्त मिळाले की समजावे, निकेल कुठेतरी गळाले आहे.

दुपारी चर्नी रोडला येऊन दोघांनी विरार लोकल पकडली. बोरिवली, दहिसर मागे पडले, इमारतींच्या मधून मिठागरांच्या जमिनी दिसू लागल्या. वसईच्या खाडीच्या अलीकडचे हे भाईंदर. पूर्वेला औद्योगिक वसाहतींच्या दुमजली, तिमजली इमारतींत एकाला लागून एक गाळे आहेत आणि त्यांतील कितीतरी गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात. देरासराच्या घंटेपासून पॉवर प्रेसच्या धडधडीपर्यंतचे अंतर येथे दोन-चार मिनिटांचे आहे.

सूनबाईंच्या भावाने त्यांना गाळा दाखविला. दाराशीच सर्कलच्या चळती, त्यांच्या कडेला खडूने आकडे. कारागीर सर्कलला तेल लावतो, साच्यावर ठेवतो, प्रेस खाली येतो आणि सपाट चकतीचे पातेले होते. पाहणाऱ्याला वाटते, किती सोपे! पण एकाच दाबात खोल भांडे निघत नाही. दोन-तीन टप्पे लागतात, मध्ये कधी भट्टीत घालून धातू मऊ करून घ्यावा लागतो. मग काठ छाटणे, काठ वळविणे, आणि शेवटी पॉलिश. पॉलिशच्या खोलीत फिरणाऱ्या चाकांशी बसलेल्या माणसांचे चेहरे धातूच्या धुळीने काळेकरडे झालेले असतात. तोंडावर फडके बांधलेले, डोळे तेवढे उघडे. स्वयंपाकघरात ज्या लखलखाटाचे कौतुक होते तो या खोलीत तयार होतो. चकाकी ही पॉलिशची असते, ग्रेडची नव्हे. हलक्या पोलादालाही तितकीच चकाकी आणता येते.

या गाळ्यात अण्णांचे लक्ष मात्र एका कोपऱ्याकडे गेले. छाटणीची कात्रणे तेथे निरनिराळ्या गोण्यांत भरून ठेवली होती आणि प्रत्येक गोणीवर आकडा होता. एका गोणीतली कात्रणे दुसऱ्या गोणीत जाऊ नयेत म्हणून मालक मुलांवर ओरडत होता. भंगार घेणारा आला की प्रत्येक गोणीतून एक तुकडा उचलतो, त्यावर बाटलीतील रसायनाचा थेंब टाकतो आणि छोट्या बॅटरीची तार टेकवतो. मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो. ३०४ च्या कात्रणाला एक भाव, दोनशेच्या मालिकेला दुसरा, ४३० ला तिसरा. गल्ल्यावर बसलेल्या शेठजींच्या त्या वाक्याचा अर्थ अण्णांना येथे पुरता उमगला. पत्रा गिरणीतून निघतो तेव्हा त्याचा ग्रेड कागदावर असतो, भंगारात जातो तेव्हा थेंबावर असतो. मधल्या साऱ्या काळात, जेव्हा तो माणसाच्या चुलीवर असतो, तेव्हाच तेवढा तो कोणी विचारत नाही.

गिरणीचा तो कागदही भावाने दाखविला. त्याला मिल टेस्ट सर्टिफिकेट म्हणतात. ज्या वितळणीतून तो पत्रा निघाला तिचा हीट नंबर त्यावर असतो आणि पुढे एकेका घटकाची टक्केवारी. मोठ्या खरेदीदारांना गाळेवाला त्याची प्रत देतो. किरकोळ दुकानदार ती मागत नाही, म्हणून त्याला ती मिळत नाही. शिवाय केंद्र सरकारने २०२४ मध्ये आदेश काढून स्टीलच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह अनिवार्य केले आहे. त्यासाठीचे मानक आयएस १४७५६. चिन्हासोबत सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर घालून खरा की खोटा हे कोणालाही पाहता येते. चिन्ह असले तरी ग्रेड कोणता, हा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो.

भावाने आणखी काही गोष्टी सांगितल्या, त्या सूनबाईंनी वहीत टिपून घेतल्या. जाडी गेजमध्ये मोजतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २४ गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जवळपास. स्टील उष्णता वाहून नेण्यात मंद, ॲल्युमिनियमच्या मानाने साधारण पंधरावा भाग. त्यामुळे पातळ तळाच्या पातेल्यात खीर एकाच ठिकाणी लागते; दोष ग्रेडचा नसून तळाचा असतो. तीन थरांच्या भांड्यांत आत ३०४, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेर ४३० घालतात ते यासाठीच. मीठ थंड पाण्यात टाकून तसेच ठेवले तर ते तळाशी बसते आणि ३०४ च्या तळालाही टोचे पडू शकतात. पाण्याला आधण आल्यावर टाकावे आणि ढवळावे. कपडे पांढरे करण्याची ब्लीच पावडर भांड्यांना कधी लावू नये. पांढरे डाग क्षारांचे असतात, लिंबाने जातात. निळे-जांभळे रंग आचेचे असतात आणि निरुपद्रवी असतात. लोणचे चिनी मातीच्या बरणीतच बरे.

"मग दोनशे दोन वाईटच का?" असे अण्णांनी शेवटी विचारले. भाऊ हसला. त्याच्या स्वतःच्या घरी डाळ-तांदळाचे डबे दोनशेच्याच मालिकेतले होते. कोरड्या धान्याला निकेल कशाला हवे? ताटे, झाकणे, डबे, साखरेची बरणी यांना ते वर्षानुवर्षे पुरते, आणि ज्या घरात महिन्याची मिळकत मोजून खर्चावी लागते तेथे या स्वस्त स्टीलनेच स्वयंपाकघर उभे केले आहे. २०२ विकण्यात काहीच गैर नाही. ते २०२ आहे असे सांगून विकावे, एवढेच. खारट पाणी, आंबट आमटी, कढी, उकळून निववलेले पाणी यांसाठी मात्र ३०४, आणि पाणी फारच खारे असेल तर ३१६. हे सारे त्याने सर्कलच्या चळतीवर बसून, चहाचा पेला हातात धरून सांगितले. पेला कोणत्या ग्रेडचा होता, हे कोणी विचारले नाही.

परतीच्या वाटेवर अण्णा पुन्हा गुलालवाडीत उतरले. शेठजींशी वाद घातला नाही. पुढच्या मालाच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे ग्रेडचा आकडा लिहिला, तोच आकडा बिलावर छापून यावा आणि ३०४ च्या मालाबरोबर सर्टिफिकेटची प्रत यावी, एवढे सांगितले. शेठजींनी हिशेब केला तर एकूण रक्कम नेहमीपेक्षा बरीच वाढली. अण्णांनी या वेळी पाच रुपयेही तोडून मागितले नाहीत. शेठजींनी मात्र जुन्या पातेल्याच्या मोबदल्यात एक नवे ३०४ चे पातेले आपण होऊन बांधून दिले आणि पैसे घेण्यास नकार दिला. अण्णांनी ते घ्यावे की न घ्यावे यावर थोडी ओढाताण झाली. अखेर अर्धी रक्कम देऊन-घेऊन दोघांनी ती मिटविली.

गावी परतल्यावर दुकान दोन दिवस बंद राहिले. अण्णा, त्यांचा मुलगा आणि सूनबाई यांनी मांडणीवरचा सारा माल उतरविला, रसायनाच्या थेंबाने भांडी तपासली आणि प्रत्येकाच्या तळावर कागदाची चिठ्ठी डकविली. ज्यांची खात्री पटली नाही त्यांवर "दोनशे मालिका" असेच लिहिले, कमी बोललेले बरे म्हणून. ३०४ म्हणून विकली गेलेली किती भांडी गावात असतील याचा अंदाज करता येत नव्हता. अण्णांनी दाराबाहेर फळ्यावर लिहून ठेवले, की ज्यांना त्या नावाने भांडे दिले असेल त्यांनी आणून दाखवावे, बदलून मिळेल. मुलाने हिशेब मांडून या फळ्याची किंमत काय होऊ शकते ते सांगितले. अण्णांनी तो हिशेब ऐकला आणि फळा आत घेतला नाही.

पहिल्या आठवड्यात सात-आठ जण आले. बाई आल्या त्या दिवशी अण्णांनी नवे पातेले, सर्टिफिकेटची प्रत आणि त्या लग्नाच्या बिलाची जुनी कार्बन प्रत तिन्ही पुढे ठेवली आणि चुंबकाची हकीकत पहिल्यापासून सांगितली. बाईंनी सर्टिफिकेटवरचे आकडे चष्मा लावून वाचले, निकेलचा आकडा कोणता ते विचारून घेतले आणि पातेले पिशवीत घातले. मग मांडणीवरच्या धान्याच्या डब्यांकडे पाहून म्हणाल्या, "आणि हे दोनशेवाले डबे कितीला? धाकटीचं लग्न वैशाखात आहे. डबे यातलेच द्या, पाण्याची भांडी तेवढी त्या कागदातली."